इंजिन उघडलंच नव्हतं

जालना, संभाजीनगर, बीड, परभणी भागात ज्यांच्याकडं मॉडिफाय केलेले पिकअप, थार, जिप्सी आहेत त्यांनी हे नीट वाचावं. गॅरेजचं नाव टाकत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. पण इंजिनाच्या कामाच्या नावाखाली मला फसवलं ती पद्धत सांगायला कुणाची बंदी नाही. नावाचं काय, बोर्ड बदलला की नाव बदलतं.

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, 2018 चं मॉडेल, अडीच लिटर डिझेल. कंपनीतून निघताना हे इंजिन 134 हॉर्सपॉवर आणि 320 न्यूटन मीटर टॉर्क देतं. मी ती पुण्याच्या एका हौशी माणसाकडून घेतली. त्यानं लिफ्ट किट, ऑस्ट्रेलियन शॉकअप, लोखंडी बंपर, विंच, स्नॉर्कल असं बरंच काही आधीच बसवलेलं होतं. टायर 245/70 आर 16 ऐवजी 265/75 आर 16. अंबडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा रुततो, तिथं ही गाडी मोसंबीचे कॅरेट भरून बागेतून बाहेर निघायची. हौस होतीच, पण नुसती हौस नव्हती.

मग इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारायला लागलं, म्हणजे आतला दाब पिस्टनच्या कडेनं खाली निसटायला लागला. ऑइलचं झाकण काढलं की आतून फुसफुस धूर, चढावर जोर कमी, ऑइल खाणं सुरू. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. साधं काम होतं, कुठल्याही चांगल्या मिस्त्रीनं केलं असतं. पण एवढं काम केलेल्या गाडीला हात लावायला साधे मिस्त्री कचरतात आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर मॉडिफिकेशन बघून हात वर करतं. ही जी मधली जागा आहे ना, तिथंच ही परफॉर्मन्सवाली दुकानं उभी आहेत.

दुकान संभाजीनगरला, एमआयडीसीच्या अंगाला. चकचकीत फरशी, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने, एसीची केबिन, इन्स्टाग्रामवर घाट चढणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ. मालक तिशीतला, बोलण्यात साखर. ‘कंपनीचे पिस्टन टाकून काय करायलाव दादा? फोर्ज्ड टाकू, रॉडसुद्धा फोर्ज्ड. माल थायलंडहून येतो. 190 हॉर्सपॉवर लेखी देतो.’ फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेला, जास्त मजबूत पार्ट; रॉड म्हणजे पिस्टनला खाली जोडलेला दांडा.

थायलंडचं नाव त्यानं उगाच घेतलं नव्हतं. डी-मॅक्स तिकडं बनते आणि तिकडची पोरं डिझेल पिकअप पळवण्यात पटाईत आहेत. खोट्याला अशी खऱ्याची फोडणी असली की ते पचतं. कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं, 3 लाख 25 हजार. त्यात पिस्टन, रॉड, हेडचं म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं काम, मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा), क्लच, रिमॅपिंग म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची फाइल बदलणं, आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर. दीड लाख आगाऊ दिले. पैसे दुकानाच्या खात्यात घेतले नाहीत, यूपीआयला त्याच्या मेहुण्याचं नाव. पक्कं बिल शेवटी देतो म्हणाला.

इथून पुढचं नाटक लक्ष देऊन वाचा, कारण तुमच्या गाडीसोबतही हेच होणार आहे.

पहिल्या आठवड्यातच गाडी खोलून ठेवली. म्हणजे मला तसं वाटावं अशी ठेवली. बंपर काढून बाजूला, इंटरकूलर जमिनीवर, पाइप लोंबकळताहेत, वायरींना टेपचे झेंडे. व्हॉट्सअॅपवर हेड काढलेल्या ब्लॉकचे फोटो. अशी गाडी उचलून दुसरीकडं नेता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्या दिवसापासून तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, ओलीस ठेवलेल्या गाडीचे मालक होता. पुढचा प्रत्येक हप्ता आधीचा हप्ता बुडू नये म्हणून द्यावा लागतो. कस्टमला माल अडकला म्हणून 85 हजार. टर्बोचा भाव वाढला म्हणून 70 हजार. मध्ये एकदा गाडी न्यायची भाषा केली तर म्हणाला, न्या की, पण झालेल्या कामाचे पैसे आणि रोजचं पार्किंग भाडं मोजा.

यावर वकिलांनी नंतर सांगितलेलं आत्ताच सांगून टाकतो. भारतीय करार कायद्याच्या 170 व्या कलमानं कारागिराला त्यानं खरोखर केलेल्या कामाच्या मजुरीपोटी वस्तू अडकवून ठेवता येते. न केलेल्या कामासाठी किंवा मनानं लावलेल्या पार्किंगसाठी नाही. आणि माल खरंच परदेशातून आलेला असेल तर बिल ऑफ एंट्री नावाचा कस्टमचा कागद असतोच. तो मागितला तेव्हा ‘एजंटकडं आहे’ हे उत्तर मिळालं. तो एजंट आजपर्यंत कुणी पाहिलेला नाही.

एके रात्री मोबाइलवर फास्टॅगचा मेसेज आला. समृद्धी महामार्गाचा टोल कापला गेला होता, माझ्या गाडीच्या नावावर. म्हणजे टेबलावर खोलून ठेवलेलं इंजिन घेऊन गाडी समृद्धीवर फिरून आली! सकाळी फोन केला. जराही न अडखळता म्हणाला, ‘काच पुसताना टॅग निघाला दादा, पोरानं चुकून दुसऱ्या गाडीत ठेवला.’ फास्टॅगचं चिकट असं असतं की तो काढायला गेलं की फाटतो. मी मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवला आणि गप्प बसलो. दोन लाखांवर पैसे अडकलेला माणूस फोनवर आवाज चढवत नाही.

गाडी देताना मात्र थाट केला. पुसलेली, चकाकणारी गाडी, बॉनेट उघडं, इंजिनला चंदेरी रंग. हातात डायनोचा, म्हणजे गाडीचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा, रंगीत कागद, त्यावर 192 हॉर्सपॉवर. बाकीचे 60 हजार तिथंच घेतले, एकूण 3 लाख 65 हजार झाले. पक्कं बिल ‘सीए गावाला गेलाय’. तापमानाचा मीटर कोटेशनमध्ये होता, डॅशबोर्डवर नव्हता. ‘पुढच्या लॉटला येतो.’

आणि गाडी पळत होती. खोटं का बोलू, पहिल्या दिवशी सीटला पाठ चिकटली. या धंद्याची खरी गोम इथं आहे. डिझेल गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवी फाइल टाकली की ती जास्त डिझेल फवारते, टर्बोचं प्रेशर वाढवते, आणि गाडी ओढायला लागते. त्याला पिस्टन बदलावे लागत नाहीत. लॅपटॉप आणि एक दुपार पुरते. पण गिऱ्हाइकाला तो जोर पिस्टनचा वाटतो, रॉडचा वाटतो, दिलेल्या प्रत्येक रुपयाचा वाटतो. बॅक कॉम्प्रेशन लपवायला जाड ऑइल भरलं की आठ-पंधरा दिवस झाकणातून धूरही कमी दिसतो.

कन्नडच्या घाटात ते उघडं पडलं. चाळीसगावकडून भरल्या गाडीनं वर येताना मागं काळ्या धुराचा पडदा, मग जोर एकदम गायब, मग इंजिनातून टकटक. डिझेलमध्ये हवेच्या मानानं इंधन जास्त झालं की ते पूर्ण जळत नाही, धूर होतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बोच्या आधी ते 700-750 अंशांच्या पुढं फार वेळ राहिलं की पिस्टनची खैर नसते, कारण पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तो न बसवलेला मीटर नेमका हेच दाखवणार होता. झिजलेल्या रिंगांच्या इंजिनावर असली फाइल चढवणं म्हणजे गाडी मुद्दाम मारणं.

गाडी फ्लॅटबेडवर टाकून जालन्याला आणली, आमच्या चाचांकडं. हे बोअरवेलच्या गाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे मिस्त्री, इन्स्टाग्राम वगैरे काही नाही. वकिलांच्या सांगण्यावरून एक परवानाधारक सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून अहवाल देणारा माणूस, समोर उभा केला, मोबाइलवर सलग व्हिडिओ सुरू ठेवला आणि मगच पाना लावला. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एवढं तरी कराच, नाहीतर समोरचा म्हणतो की दुसऱ्यानं उघडून खराब केलं.

चाचांनी पाना लावायच्या आधी स्क्रू ड्रायव्हरनं हेडच्या कडेला खरवडलं. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात तसा रंग मारलेला होता. त्याच्याखाली कित्येक वर्षांचा ऑइल आणि धुळीचा काळा थर जसाच्या तसा. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावरून तो थर सलग गेलेला. हेड उचललं असतं तर तिथं तो तुटला असता. वरच्या टॅपेट कव्हरला तेवढं ताजं सिलिकॉन. चाचांनी मान वर करून फक्त एवढंच म्हटलं, ‘सेठ, इसकू तो खोलाच नै.’

पिस्टन बाहेर काढले तेव्हा उरलंसुरलं स्पष्ट झालं. कंपनीचेच, रिंगांच्या खाचांमध्ये कार्बन दगडासारखा घट्ट बसलेला. काही आठवड्यांपूर्वी टाकलेल्या पिस्टनवर एवढा कार्बन येणं शक्य नाही. तीन नंबरच्या पिस्टनची कड वितळून गेलेली. टर्बोवरची नंबर प्लेट मूळ कंपनीची. क्लच मात्र नवा होता, पण साधा. शॉकअप बघायला खाली वाकलो तर ऑस्ट्रेलियन शॉकअपच्या जागी देशी, वर तसाच रंग मारलेला. पुण्याच्या मालकानं दिलेल्या बिलावर मूळ शॉकअपचे सिरियल नंबर आहेत, म्हणून ही चोरी कागदावर आली. नाहीतर कुणी विश्वास ठेवला नसता.

आता किलोमीटरचा मीटर बघा. गाडी सोडताना आणि घेताना रीडिंगचे फोटो माझ्याकडं होते. मधला फरक 912 किलोमीटर. टायर मोठे असल्यामुळं मीटर सुमारे सात टक्के कमी दाखवतो, म्हणजे प्रत्यक्षात पावणेदहाशेच्या आसपास. ‘टेस्टिंग’ म्हणे. फास्टॅगच्या मेसेजची तारीख आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या खोललेल्या ब्लॉकच्या फोटोची तारीख एकाच आठवड्यातली. त्या फोटोंमध्ये इंजिन नंबर एकातही नाही. फोटो मागाल तेव्हा इंजिन नंबर आणि सुटा पार्ट एकाच चौकटीत मागा. टाळाटाळ झाली की समजा.

डायनोच्या कागदाची तर गंमतच आहे. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं पाहताक्षणी विचारलं, ‘मामा, हा पेट्रोल गाडीचा कागद आहे का?’ आलेखावरची रेषा 6,000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अजून वर चढत होती. आपलं हे डिझेल साडेचार-पाच हजारांच्या पुढं जातच नाही. त्यानं मला एक हिशेबही शिकवला: न्यूटन मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमनं गुणायचं आणि 7,120 नं भागायचं, त्या आरपीएमची हॉर्सपॉवर येते. दोन्ही आकडे दिलेला कुठलाही कागद असा तपासता येतो. खोटा कागद करणाऱ्याला बहुधा एवढं गणित येत नाही.

आता सगळ्यात वाईट भाग. जाब विचारायला गेलो तेव्हा साखर संपलेली होती. खुर्चीत रेलून म्हणाला, ‘करा कंप्लेंट. आधी तुमचीच गाडी आरटीओ उचलंल.’ हे त्याचं खरं भांडवल. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाखाली आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठणकावलं, आणि 182ए कलमात मालकाला प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मॉडिफाय केलेल्या गाडीचा मालक आवाज करणार नाही, या भरवशावर हा धंदा चालतो. आमच्या भागातले आणखी तिघं असेच गप्प बसलेले मला नंतर भेटले.

वकिलांचं म्हणणं वेगळं पडलं. बंपर-टायरचा दंड लागला तर भरू, पण न टाकलेल्या पिस्टनचे पैसे घेणं हा स्वतंत्र विषय आहे. विंच आणि बंपर मी स्वतःच काढून ठेवले, टायर मूळ मापाचे घातले आणि मग तक्रार केली. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या 316 (विश्वासघात) आणि 318 (फसवणूक) कलमांचा उल्लेख करून अर्ज दिला. साहेब म्हणाले हा दिवाणी मामला आहे. असं म्हणतातच, अर्जाची शिक्का मारलेली पोहोच सोडायची नाही. ग्राहक आयोगात मात्र दार उघडं मिळालं. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळं संभाजीनगरच्या चकरा नाहीत, काम जालन्यातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. पक्कं बिल नव्हतं तरी यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपचं कोटेशन आणि सर्व्हेअरचा अहवाल दाखल झाला. मेहुण्यालाही पक्षकार केलंय, पैसे त्याच्या खात्यात गेलेत म्हणून.

गाडी चाचांनी कंपनीचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग घालून उभी केली, कॉम्प्युटरमध्ये मूळ फाइल परत टाकली. जुना प्रत्येक पार्ट पोत्यात भरून, सील करून माझ्याकडं दिला. जोर 134 च्या आसपासचा असेल. मोसंबीला तेवढा पुरतो.

नोटीस पोचल्यावर त्यानं एका ओळखीच्या माणसाकरवी निरोप धाडला: एक लाख रोख घ्या, तक्रार मागं घ्या, शॉकअपचा विषय काढू नका. मी सांगितलं, पूर्ण रक्कम चेकनं आण आणि शॉकअप कुठं गेले ते आयोगासमोर लिहून दे. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. दुकान सुरू आहे, बोर्ड मात्र नवा लागलाय.