गेदलाँ : तेराव्या शतकाच्या पद्धतीने आज उभा राहणारा किल्ला

साताऱ्यात वाढलेल्या माणसाने किल्ले नेहमी बांधून झालेले, लढून झालेले आणि बहुधा ढासळलेलेच पाहिलेले असतात. अजिंक्यताऱ्याच्या तटाजवळून मी लहानपणापासून जात आलो आहे. पण एवढे दगड फोडले कोणी, वर चढवले कसे आणि भिंत ओळंब्यात ठेवली कशी, हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले ते यंदा मे महिन्यात, फ्रान्समधील बर्गंडीच्या प्विझे या ग्रामीण भागात.

या भागातील त्रेन्यी गावाजवळच्या जंगलात, एका जुन्या दगडखाणीत, १९९७ पासून गेदलाँ नावाचा किल्ला नव्याने बांधला जात आहे. मिशेल ग्यूयो आणि मारिलीन मार्तँ यांनी सुरू केलेल्या या कामाचा नियम असा की तेराव्या शतकातील कारागिराला जी हत्यारे आणि जी रीत उपलब्ध होती, तिनेच बांधायचे. दगड त्याच खाणीतला, ओक वृक्षाचे लाकूड भोवतालच्या रानातले, कौले जागेवरच भाजलेली. पाथरवट, लोहार, सुतार आणि दोर वळणारे आपापल्या पालांत काम करत असतात, आणि हातातले काम न थांबवता विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतात.

माझ्याबरोबर वाईचे माझे सासरे होते. अण्णांनी चाळीस वर्षे गवंडीकाम केले आहे. एका कारागिराने तेरा गाठी मारलेली दोरी जमिनीवर ताणून तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण केला, तेव्हा दुभाष्याची गरजच पडली नाही. पायाची जमिनीवर आखणी, म्हणजे लाइनआउट, करताना अण्णा आयुष्यभर याच मापाने काटकोन काढत आले आहेत. त्यांनी दोरीचे दुसरे टोक हातात घेतले आणि तो तरुण गवंडी मनापासून हसला. या प्रवासातला माझ्यासाठी हा सर्वांत मोलाचा क्षण होता.

त्यानंतर आम्ही सर्वाधिक वेळ उभे राहिलो ते दगड उचलण्याच्या लाकडी चक्राजवळ. माणूस चक्राच्या आत शिरून चालू लागतो, त्याच्या चालण्याने आसाभोवती दोर गुंडाळला जातो आणि एरवी अनेकांना न हलणारा चिरा सावकाश तटाच्या उंचीवर जातो. कमान लाकडी साच्यावर कशी रचतात आणि माथ्यावरचा कळीचा दगड बसल्यावर साचा कसा काढून घेतात, हेही येथे समजते. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे २०१९ च्या आगीत जळालेले छत पुन्हा उभारताना कुऱ्हाडीने ओक तासणाऱ्या सुतारांत येथे काम केलेले कारागीरही होते. त्यावरून या शिक्षणाची किंमत कळावी.

किल्ल्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. अर्ध्या दिवसात केवळ छायाचित्रे होतात. हिवाळ्यात प्रवेश बंद असतो. रेल्वे थेट जात नाही आणि गावोगावच्या बससेवेवर विसंबता येत नाही, म्हणून पॅरिसहून भाड्याची मोटार घेणेच बरे. पाऊस झाला की वाटांवर चिखल होतो. ज्येष्ठांसाठी चांगली पकड असलेली पादत्राणे न्यावीत. शाकाहारी मंडळींनी मुक्कामाच्या ठिकाणी आधी कळवावे. आम्ही न कळवल्यामुळे पहिली रात्र पाव, चीज आणि फळांवर काढली.

दुसरा दिवस आम्ही कुंभारकामाला दिला. प्विझेची माती उच्च तापमानाला भाजणाऱ्या दणकट भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि सँतामाँ गावात ही परंपरा आजही चालू आहे. रातियीच्या जुन्या गढीत १९५१ पासून एका कुटुंबाची कुंभारशाळा आहे. सँ-फार्जोचा गुलाबी विटांचा किल्ला देखणा आहे, परंतु आम्ही तो बाहेरूनच पाहिला, कारण अण्णांना परत गेदलाँला जायचे होते. आदल्या दिवशी अर्धवट राहिलेल्या भिंतीवर पुढचा थर चढला का, ते त्यांना पाहायचे होते. तो चढला होता.