प्रीमियरच्या तीन गाड्या आज घ्याव्यात का? पद्मिनी, ३०९ आणि रिओ

प्रीमियरची गाडी आज घ्यायची म्हणजे मागे कंपनी नाही, हे धरूनच व्यवहाराला बसायचं. पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं आणि चिंचवडला रिओ बनवणारी प्रीमियर लिमिटेड २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ‘सरकारनं अशा स्वदेशी कंपन्या वाचवायला हव्या होत्या’ असं हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी या तीन गाड्या ओळीनं उभ्या करून बॉनेट उघडून पाहावीत. तिघी एकाच घरच्या, पण आज एक सहज चालते, एक कशीबशी आणि एक जवळपास भंगारात. कंपनी तर तिघींचीही गेली.

पद्मिनी. मूळची फियाट ११०० डी. १९६४ पासून कुर्ल्यात बनायला लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा चार गिअरचा हँडल, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आधी पत्रा बघा, इंजिन नंतर. या गाडीला वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चेसिस. मॅट उचलून फ्लोअर, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बसतात तो भाग स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाहा. टोक आत गेलं तर सौदा सोडा, रंग कितीही चकाकत असला तरी. मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाडीपेक्षा घाटावरची गाडी बहुधा बरी निघते.

मग पुढचं चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं तर किंग पिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) किंवा बेअरिंग गेलं. आडवं धरून हलवल्यावर ढिलं लागलं तर टाय रॉडचे एंड (चाक वळवणाऱ्या दांड्यांचे सांधे) गेले. किंग पिन मरतात ते ग्रीस न मिळाल्यानं. ग्रीस भरायचे निप्पल गंजून बंद झालेले असतात आणि पंपातलं ग्रीस बाहेरच सांडतं. गिअर दोन जागांच्या मध्ये अडकत असेल तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका. बहुतेक वेळा हँडलपासून खाली जाणाऱ्या लिंकेजचे बुश झिजलेले असतात, आणि ते काम स्वस्त आहे. ब्रेक एक मिनिट दाबून धरा. पाय हळूहळू खाली गेला तर ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलायला आला.

उन्हात, ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडून पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होते, तो व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनावरच बसलेला, त्यामुळे तापून पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं हा तात्पुरता उपाय. टाकीजवळ विजेवरचा पंप बसवणं कायमचा. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो किंवा चिरतो, म्हणून गाडी घेतल्या घेतल्या ते सगळे बदला. ठिणगीची वेळ साधणाऱ्या इग्निशन पॉइंटचं अंतर ०.४५ मिमीच्या आसपास ठेवा. त्याच पॉइंटसोबतचा कंडेन्सर एक जास्तीचा डिकीत असू द्या, कारण हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरचा भरवसा नाही.

आणि हे सगळे भाग मिळतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांनी अनेक दशकं मागणी टिकवली, त्यामुळे लहान कारखान्यांनी ते बनवणं सोडलं नाही. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली. पुरवठा आता आटत जाणार. क्लच प्लेट, ब्रेक शू, हेड गॅस्केट आत्ताच घेऊन ठेवलेलं बरं.

३०९. फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या भागीदारीत १९९४ पासून डोंबिवलीजवळ बनली. आसनं, सस्पेन्शन, रस्त्यावरची पकड यांत पद्मिनी तिच्या पासंगालाही पुरत नाही. पण भागीदारी मोडली, कारखाना बसला आणि बाहेरच्या लहान कारखान्यांत तिचे भाग बनण्याइतका वेळच मिळाला नाही. डिझेल इंजिन (१५२७ सीसी) मात्र वाचलं, कारण तेच मारुतीच्या झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये होतं. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते कळत नसेल तर बदलूनच गाडी चालवा. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. मागून बघताना चाकं वरच्या बाजूनं आत कललेली दिसली तर मागच्या ॲक्सलचे निडल बेअरिंग गेलेत. बेअरिंग मापानं मिळेल, पण तोवर शाफ्टही खाल्लेला असतो आणि तो लेथवर नीट करून देणारा कारागीर शोधावा लागतो. पुढची काच किंवा हेडलाइट फुटला तर दुसरी ३०९ मोडायला काढलेली मिळेपर्यंत गाडी उभी. छंद नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

गाडी चालत राहते ती सुटे भाग बनवणाऱ्यांमुळे, म्हणून कंपनी वाचवायला सरकारी पैसा ओतणं आम्हाला पटत नाही. परदेशी गाड्यांना दार बंद ठेवून आणि परवान्यांनी प्रीमियरला अनेक दशकं सांभाळलंच होतं. त्या आडोशानं पद्मिनी जवळपास तशीच राहिली. मारुतीचं उदाहरण लोक देतात. पण १९८० मध्ये सरकारनं ताब्यात घेतली, ती होती गाड्या विकू न शकलेली, मोडीत निघालेली कंपनी. खरं काम झालं ते १९८२ मध्ये सुझुकीला २६ टक्के भाग देऊन तंत्रज्ञान आणलं तेव्हा, आणि आजूबाजूला सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले तेव्हा. पैसा घालायचाच तर तिथे घाला: बंद पडणाऱ्या कंपनीचे पत्र्याचे डाय (साचे) आणि ड्रॉइंग लिलावात भंगाराच्या भावानं जाऊ न देता लघुउद्योजकांना द्या, कामगारांची देणी आधी भागवा. ग्राहकांनी गाडीसाठी आगाऊ भरलेली बुकिंगची रक्कमही वेगळ्या खात्यात ठेवायला लावा. घर बुक करणाऱ्याला दिवाळखोरी कायद्यानं २०१८ मध्ये वित्तीय धनकोचा, म्हणजे बँकेसारख्या कर्ज देणाऱ्याचा, दर्जा दिला. गाडी बुक करणारा अजून रांगेच्या शेपटाला आहे.

रिओ. चार मीटरच्या आतली उंच गाडी, मूळ जपानच्या दाइहात्सूची, आली चीनमार्गे. सुरुवातीच्या रिओमध्ये वर सांगितलेलंच पूजो डिझेल आहे. २०१२ नंतरची १.३ मल्टिजेट (फियाटचं डिझेल इंजिन) असलेली घ्या. हे इंजिन स्विफ्टपासून पुंटोपर्यंत सगळ्यांत असल्यानं कुठल्याही गावातला मिस्त्री ते उघडतो. बंपर, दिवे, काचा, दरवाज्यांची कुलपं मात्र दुर्मीळ. चारही काचा खाली-वर करून, प्रत्येक कुलूप फिरवून, सगळे दिवे लावून पाहा. त्यातली एक जरी वस्तू तुटलेली असेल तर ती विकणाऱ्यानं आणून बसवल्याशिवाय पैसे देऊ नका.