सैरंध्रीपर्यंतची जीप : सायलेंट व्हॅलीची सफर

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात मुक्काली नावाचे लहानसे गाव आहे. तेथील वनविभागाच्या कार्यालयात शुल्क भरले की एक जीप आणि एक स्थानिक वाटाड्या मिळतो, आणि सुमारे 23 किलोमीटरच्या खडबडीत रस्त्याने सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानातील सैरंध्रीपर्यंत जाऊन साधारण पाच तासांत परत येता येते. स्वतःची गाडी आत नेता येत नाही आणि वाटाड्याशिवाय फिरता येत नाही. फेब्रुवारीत आम्ही चौघे जाऊन आलो.

ज्या खासगी प्रवासी कंपनीमार्फत आम्ही केरळला गेलो, तिच्या माणसाने हत्ती आणि वाघ हमखास दिसतील असे सांगितले होते. हे सांगणे चुकीचे आहे, आणि अशा आशेने येथे येणाऱ्याची निराशाच होईल. सदाहरित वर्षावनात नजर वीस-पंचवीस पावलांपलीकडे पोहोचत नाही. येथे जनावर दिसण्याआधी ऐकू येते, आणि तेही वाटाड्याने खूण केली तरच आपल्या लक्षात येते.

आमच्या वाटाड्याने एका वळणावर जीप थांबवायला लावली. रस्त्यावर तांबूस रंगाच्या फुलांचा सडा पडला होता. वर पाहिले तर ती फुले पानांजवळ नव्हती, तर जाड फांद्यांच्या सालीतूनच झुबक्यांनी फुटली होती. मल्याळममध्ये या झाडाला वेडिप्लाव म्हणतात. शास्त्रीय नाव कलेनिया. थोड्याच वेळात शेंड्यावर हालचाल झाली आणि काळ्या अंगाचे, तोंडाभोवती करड्या आयाळीचे एक सिंहपुच्छी वानर फुले तोडून खाताना दिसले. केवळ पश्चिम घाटातच आढळणारे हे वानर या झाडाच्या फुलाफळांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्यामुळे जंगल तुटले की आधी त्याचे अन्न जाते आणि मागोमाग ते स्वतः जाते. ही गोष्ट वाटाड्याने मोडक्या हिंदीत दोन वाक्यांत सांगितली, आणि ती मला कोणत्याही माहितीफलकापेक्षा अधिक समजली.

सैरंध्री येथे सुमारे 30 मीटर उंचीचा निरीक्षण मनोरा आहे. वर चढताना पाय लटपटतात, परंतु माथ्यावरून चहूबाजूंना एकसंध हिरवे छत दिसते. तेथून दीडएक किलोमीटर पायी उतरले की कुंतीपुळा नदी लागते. नदी कुंती आणि ठिकाण सैरंध्री. महाभारतातील ही नावे मराठी माणसाला परकी वाटत नाहीत.

याच नदीवर 120 मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प होणार होता आणि त्याच्या जलाशयात सुमारे 8.3 चौरस किलोमीटर जंगल बुडणार होते. केरळ शास्त्र साहित्य परिषद या विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, त्यांत शाळांतले शिक्षक पुष्कळ, गावोगावी जाऊन लोकांना हे समजावले. सुगतकुमारी यांच्यासारख्या कवयित्री पुढे आल्या, आणि मुंबईचे पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनीही हे जंगल राखावे म्हणून आवाज उठवला. अखेर 1983 मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला, 1984 मध्ये 89.52 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सिंधुदुर्गातील तिळारी धरणाचा जलाशय पाहिलेल्या आमच्यासारख्यांना येथे धरणाची भिंत नाही, हेच आधी डोळ्यांत भरते.

काही जणांना ही सफर अपुरी वाटेल, कारण गाभ्याच्या जंगलात पर्यटकांना नेत नाहीत आणि नदीकाठी फार वेळ थांबूही देत नाहीत. मला मात्र हा निर्बंधच या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. रस्ता एकच आणि जीप मोजक्या, म्हणून रस्त्यावरची ती फुले आमच्या आधी कोणी तुडवलेली नव्हती.

कंबरेचा त्रास असणाऱ्यांनी मात्र जीपच्या धक्क्यांचा विचार करूनच जावे. पावसाळ्यात जळवा फार असतात, त्यामुळे डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. आरक्षण आधी करावे आणि सकाळची पहिलीच जीप घ्यावी. मनोऱ्यावर गर्दी होण्याच्या आत पोहोचलात, तर खालून वाहणाऱ्या कुंतीचा आवाज वरपर्यंत ऐकू येतो.