पुन्हा कॉलेजात, जुनं कर्ज डोक्यावर: फेडरल डिफरमेंट वापरून पाहिल्यावर

अमेरिकेत ग्रीन कार्डावर किंवा नागरिक म्हणून राहणाऱ्या आणि नोकरी करता करता पुन्हा शिकायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. डिफरमेंट म्हणजे शिकत असेपर्यंत फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या, शैक्षणिक कर्जाचे हप्ते थांबवण्याची सोय. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बीवाल्याचा जोडीदार) व्हिसावर असाल तर फेडरल कर्ज मिळतच नाही, त्यामुळे यातलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. खाजगी कर्जाला हे नियम लागू नाहीत, तिथे करारात जे लिहिलंय तेच चालतं आणि व्याज बहुतेक कधीच थांबत नाही.

लग्न होऊन न्यू जर्सीत आले, आधी कम्युनिटी कॉलेज केलं आणि बॅचलर्सची शेवटची दोन वर्षं (२०१८-१९ आणि २०१९-२०) फेडरल कर्जावर काढली. पहिल्या वर्षीच्या कर्जाचा दर ५.०५ टक्के, दुसऱ्या वर्षीचा ४.५३. कर्ज घेताना लागलेला दर शेवटपर्यंत तोच राहतो, ही या कर्जाची जमेची बाजू. पास झाले तेव्हा कोविड सुरू होता. मार्च २०२० पासून सरकारने हप्ते थांबवले होते, व्याजही शून्य केलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये व्याज पुन्हा लागू झालं, ऑक्टोबरपासून हप्ते. महिन्याला साधारण २६० डॉलर जात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मास्टर्सला पार्ट-टाइम नाव घातलं आणि हे हप्ते थांबले. दोन सेमिस्टर झाल्या, आता मत द्यायला हरकत नाही.

डिफरमेंट आपोआप लागतं असं सगळे सांगतात. लागतं, पण त्याच्या वेळेने. कॉलेज तुमची नोंदणी वरच्या यंत्रणेला कळवणार, तिथून ती सर्व्हिसरकडे, म्हणजे सरकारच्या वतीने हप्ते वसूल करणाऱ्या कंपनीकडे, येणार. माझी सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू झाली आणि सप्टेंबरचा हप्ता ऑटोपेने बिनबोभाट कापला. फोन केला तर, "आमच्या सिस्टीममध्ये तुम्ही विद्यार्थी दिसत नाही." अर्धा तास होल्डवरचं संगीत ऐकून हे उत्तर. शेवटी इन-स्कूल डिफरमेंटचा फॉर्म भरला, रजिस्ट्रारच्या ऑफिसातून सही-शिक्का घेतला, अपलोड केला. मग सेमिस्टरच्या पहिल्या तारखेपासून डिफरमेंट लागू झालं. कापलेला हप्ता मी परत मागितला नाही, कर्जातच जिरला, बुडाला नाही. पण ज्यांचं महिन्याचं गणित काटेकोर आहे त्यांनी पहिल्या महिन्याची तजवीज ठेवावी. डिफरमेंट लागल्यावर ऑटोपे थांबतं आणि त्यासोबत मिळणारी पाव टक्क्याची सवलतही थांबते, हे आणखी एक बारीक अक्षरातलं.

अट एकच: किमान हाफ-टाइम नोंदणी. हाफ-टाइम म्हणजे किती क्रेडिट, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. माझ्याकडे मास्टर्सला पाच क्रेडिट लागतात, म्हणजे तीन-तीनचे दोन विषय. बॅचलर्सला बहुतेक ठिकाणी सहा असतात. थकवा आला म्हणून मधेच एक विषय सोडला की हाफ-टाइम गेलं आणि डिफरमेंटही गेलं. आता यातली खरी मेख. पास झाल्यावर मिळणारी सहा महिन्यांची ग्रेस, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीची सूट, ही एका कर्जाला एकदाच मिळणारी गोष्ट आहे. माझ्या जुन्या कर्जांची ती २०२० मध्येच वापरून झाली. म्हणजे मास्टर्स संपलं किंवा विषय सोडला की जुना हप्ता लगेच दारात उभा. सहा महिने मिळणार ते फक्त मास्टर्ससाठी घेतलेल्या नव्या कर्जाला. आमच्या मंडळातल्या दोघी-तिघींना हे सांगितलं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळ्याच कर्जांना पुन्हा सहा महिने मिळतील असं धरून त्या बसल्या होत्या.

आता व्याज. फेडरल कर्ज दोन जातीचं. सबसिडाइज्ड कर्जावर डिफरमेंटच्या काळात तुमच्या खात्यावर व्याज चढत नाही. अनसबसिडाइज्डवर रोज चढतं. रिक्षा थांबवून दुकानात शिरलात तरी वेटिंगचं मीटर पडत राहतं, तसं. माझ्या खात्यात सबसिडाइज्डचे नऊ हजारांच्या आसपास उरलेत, त्या ओळीसमोर ऑगस्टपासून शून्य आहे. अनसबसिडाइज्डचे साधारण १२ हजार. दोन्ही दरांची सरासरी ४.८ टक्के धरली तर वर्षाला ५७६ डॉलर, महिन्याला ४८, रोजचे दीड डॉलरच्या वर. हिशोब सोपा आहे: मुद्दल गुणिले दर, भागिले ३६५. सर्व्हिसरच्या वेबसाइटवर प्रत्येक कर्जावर क्लिक केलं की न भरलेलं व्याज वेगळं दिसतं. वरचा एकूण आकडा बघून काही कळत नाही, आत जावंच लागतं.

डिफरमेंट संपताना हे साचलेलं अनसबसिडाइज्ड व्याज मुद्दलात मिसळतं. जुलै २०२३ पासून व्याज मुद्दलात मिसळण्याचे बरेच प्रसंग सरकारने काढून टाकले, पण हा राहिला, कारण तो कायद्यातच आहे. यूट्यूबवर या मिसळण्याला फार घाबरवतात. मी आकडे मांडून पाहिले. तीन वर्षं काहीच भरलं नाही तर माझं साचलेलं व्याज सुमारे १,७३० डॉलर. ते मुद्दलात गेल्यावर त्यावर पहिल्या वर्षी चढणारं जादा व्याज ८३ डॉलर. खड्डा आहे तो १,७३० चा, ८३ चा नव्हे. चक्रवाढीच्या नावाने बोंब मारण्यापेक्षा रोजच्या दीड डॉलरकडे बघा.

म्हणून मी महिन्याला ५० डॉलर भरते, मुद्दाम अनसबसिडाइज्ड कर्जं निवडून. निवडलं नाही तर सर्व्हिसर स्वतःच्या पद्धतीने वाटून टाकतो. डिफरमेंटमध्ये पैसे भरायला कुठलीही मनाई नाही. असं आपणहून भरलेलं व्याजही आयकरात वजावटीला चालतं, वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर.

डिफरमेंटचा खरा फायदा मला तिसऱ्याच ठिकाणी झाला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना २०१२ पासून सबसिडाइज्ड कर्ज मिळतच नाही आणि २०२५-२६ साठी नव्या अनसबसिडाइज्डचा दर ७.९४ टक्के आहे. शिवाय कर्ज हातात पडतानाच सुमारे एक टक्का फी कापली जाते. म्हणजे दहा हजार घेतले तर वर्षाला ७९४ डॉलर व्याज, तेही पहिल्या दिवसापासून. मग थांबलेल्या २६० पैकी ५० जुन्या व्याजाला आणि उरलेले २१० थेट ट्यूशनला लावते, तेवढं नवं कर्ज कमी घेते. पाच टक्क्यांचं जुनं कर्ज जागेवर ठेवून आठ टक्क्यांचं नवं टाळणं, हे मला पटलं. कंपनी शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त देऊ शकते, तेही एचआरकडे आधी विचारून घ्या. माझ्या कंपनीने दिले, पण ग्रेड आल्यावरच.

सगळ्यांनीच डिफरमेंट घ्यावं असं मात्र नाही. माझी एक मैत्रीण सरकारी (पब्लिक) शाळेत शिकवते आणि पीएसएलएफच्या १२० हप्त्यांच्या मागे आहे; सरकारी किंवा ना-नफा नोकरीत तेवढे हप्ते भरले की उरलेलं फेडरल कर्ज माफ होतं. डिफरमेंटमधले महिने त्यात धरत नाहीत. तिने संध्याकाळचे दोन विषय घेतले, डिफरमेंट आपोआप लागलं आणि मोजणी थांबली. सर्व्हिसरला लेखी कळवून तिने ते काढून टाकायला लावलं. नको म्हणण्याचा अधिकार आपल्याला असतो. सरकारी किंवा ना-नफा हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या नर्सेसनी हे आधी तपासावं.

जुलै २०२५ च्या कायद्याने बरंच हललंय. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं जादा फेडरल कर्ज) नाही. बेकारी आणि आर्थिक अडचणीसाठीचं डिफरमेंट १ जुलै २०२७ पासून घेतलेल्या कर्जांना मिळणार नाही. शिकत असतानाचं डिफरमेंट त्यात गेलेलं नाही.

पुण्याचा भाचा विचारत होता, "मावशी, आमच्याकडे असं आहे का?" त्याचं इंजिनीअरिंगचं कर्ज सुरू आहे आणि आता एमटेक करायचंय. भारतात आयबीएच्या (बँकांच्या संघटनेच्या) नमुना योजनेप्रमाणे अभ्यासक्रम अधिक एक वर्ष मोरॅटोरियम (हप्ते न भरण्याची मुभा), तेवढा काळ सरळव्याज, आणि शिकत असतानाच व्याज भरत राहिलं तर बँक दरात एक टक्क्यापर्यंत सूट देऊ शकते. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल तर मोरॅटोरियममधलं व्याज केंद्र सरकार भरतं, पण ही सवलत एकदाच: पदवीला घेतली की पदव्युत्तरला नाही. पुढच्या शिक्षणासाठी टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, मिळू शकतं. पण हप्ते सुरू झाल्यावर पुन्हा कॉलेजात गेलात म्हणून ते आपोआप थांबतील, असं तिकडे नाही. अर्ज करायचा, बोनाफाईड जोडायचं आणि बँकेच्या मंजुरीची वाट बघायची. मंजुरी हातात येईपर्यंत एकही हप्ता चुकवू नकोस, असं त्याला बजावलंय. सिबिलवर डाग पडला तर टॉप-अपही अडकेल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट (जुन्या कायद्यातलं कलम ८०ई) मात्र तिकडे जास्त उदार आहे. व्याजाच्या रकमेला मर्यादा नाही, आठ वर्षं मिळते, फक्त जुनी करप्रणाली निवडावी लागते. तो नव्या प्रणालीत आहे, त्यामुळे आधी सीएला भेटणार आहे.