डीपीएफ बदला म्हणाले, बिघडला होता सेन्सर

तुमच्याकडे बीएस-६ डिझेल गाडी असेल आणि गॅरेजवाला ‘डीपीएफ गेला, नवा टाकावा लागेल’ म्हणत असेल, तर होकार देण्याआधी हे वाचा. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. माझ्याकडून न बदललेल्या सेन्सरचे पैसे घेतले गेले आणि वर दीड लाखाचा खर्च सांगितला गेला.

खंबाटकी घाटात चेक लाइट लागला आणि गाडीचा पिकअपच गेला. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, पण स्क्रीन मला पाहू दिली नाही. ‘साहेब, काजळीने डीपीएफ जाम झालाय. क्लीनिंग करू, एक सेन्सरही बदलू.’ संध्याकाळी साध्या कागदावर बिल हातात दिलं : क्लीनिंग नऊ हजार, एक्झॉस्ट सेन्सर (धुराचं तापमान मोजणारा) साडेसहा हजार. खेड शिवापूरचा टोलनाका येईस्तोवर लाइट पुन्हा लागला. फोन केला तर म्हणाले, ‘मग डीपीएफच गेला. नवा दीड लाखाला पडेल, नाहीतर काढून टाकू आणि ईसीयूत सेटिंग करून देऊ.’ (ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर.)

हे काढून टाकणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार गाडीत असा परवानगी नसलेला बदल केला, तर मालकालाच दंड किंवा कैद होऊ शकते. गॅरेजवाला हे सांगत नाही.

साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक काका आहेत. त्यांनी गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) उघडला आणि मला शेजारी बसवलं. कूलंट २४ अंश, बाहेरची हवा २४, डीपीएफजवळचा एक्झॉस्ट सेन्सर २५. टर्बोजवळचा मात्र नऊशेच्या वर. थंडगार इंजिनात नऊशे अंश येणार कुठून? कोड होता पी०५४६, म्हणजे पहिल्या एक्झॉस्ट तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. असा कोड तुटलेल्या वायरीने किंवा सैल कपलरनेही (वायर जोडणाऱ्या प्लगने) येतो, म्हणून काकांनी आधी कपलर सोडवून वायर तपासली. ती ठीक निघाली. मग सेन्सरला मल्टीमीटर लावला. माझ्या गाडीत पीटी-२०० जातीचा सेन्सर आहे : शून्य अंशाला २०० ओहम, पंचविसाला साधारण २२०. मीटरवर काहीच येईना, सर्किट आतून तुटलेलं. (सगळ्या गाड्यांना हा आकडा लागू नाही. काही सेन्सर किलो-ओहममध्ये असतात, आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहा.)

मग त्यांनी टॉर्च मारून सेन्सरचा नट दाखवला. कडांवर जुना गंज जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही, वर चिखल वाळून घट्ट बसलेला. ज्याचे साडेसहा हजार घेतले, त्याला कुणी हातही लावला नव्हता.

काजळी साचली होती हे खरं, पण ती सेन्सरमुळेच. ती जाळायला डीपीएफमधलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं. तापमानाचा भरवसा नसेल तर ईसीयू हे काजळी जाळणं, म्हणजे रिजनरेशन, सुरूच करत नाही, कारण जास्त तापलं तर डीपीएफ आतून फुटतो, वितळतो. सेन्सर बिघडला की काजळी साचणारच, आणि तीच काजळी दाखवून लोकांच्या गळ्यात नवा डीपीएफ मारला जातो. याची मला भयंकर चीड आहे. कर्जाचे हप्ते फेडत गाडी चालवणारा माणूस घाबरून पैसे देऊन टाकतो.

काकांनी नवा सेन्सर बसवला, स्कॅनरवरून रिजनरेशन करवून घेतलं, सगळं मिळून सहा हजारांच्या आत. त्यानंतर लाइट लागलेला नाही.

गॅरेजला गाडी देताना फॉल्ट कोडचा फोटो स्वतः काढा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या, पार्ट नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. देत नसतील तर गाडी तिथून काढा.

जुना सेन्सर आणि नटाचे फोटो घेऊन मी त्या गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा ‘पोराने चुकून बिलात लिहिलं’ म्हणत सेन्सरचे पैसे परत केले. क्लीनिंगचे देत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार दिली आहे.