गूगल ड्राइव्हचं 'स्टोरेज' पान: ऑफिसचं खातं मोकळं करायला उत्तम

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात साइटचे व्हिडिओ साठून खातं सतत भरतं. ड्राइव्हमध्ये डावीकडे 'स्टोरेज' उघडलं की फायली आकारानुसार, सगळ्यात मोठी वर, अशा लागतात. मला हे फार आवडतं. छोट्या वर्ड फायली निवडत बसण्यात वेळ जातो; चार जुने व्हिडिओ काढले की खरी जागा होते. डिलीट केलेलं मात्र ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतं आणि तोवर जागा अडवतं, तेव्हा ट्रॅशही लगेच रिकामं करा. दुसऱ्याने शेअर केलेली फाइल आपल्या कोट्यात धरत नाहीत, तिच्या मागे लागू नका. जीमेलच्या अटॅचमेंट धरतात. पण क्लायंटच्या मंजुरीचे मेल मी कधीच उडवत नाही, जागा विकत घ्यावी लागली तरी चालेल.