मिशन रुग्णालयाचे मोफत मोतीबिंदू शिबिर: सेवा चोख, समारंभ अनावश्यक

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात कापसाची वेचणी ओसरली की एका ख्रिस्ती मिशन रुग्णालयातर्फे मोतीबिंदूचे मोफत शिबिर भरते. तपासणी गावच्या समाजमंदिरात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात होते. नेणे-आणणे, कृत्रिम भिंग, काळा चष्मा, जेवण यांपैकी कशाचेही पैसे घेत नाहीत. यंदा आत्याबाईंना घेऊन मी तेथे गेलो होतो. पुढे एक तक्रार मांडायची असल्याने रुग्णालयाचे नाव येथे देत नाही.

वैद्यकीय बाजूला नाव ठेवायला जागा नाही. आमच्याच गावच्या एका गृहस्थांची साखर वाढलेली निघाली, तेव्हा त्यांना नुसते परत न पाठवता गोळ्या सुरू करून पुढच्या तुकडीत घेतले. पट्टी काढल्यावर सिस्टर प्रत्येकाजवळ बसून औषध कसे टाकायचे ते करून दाखवत होत्या. आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून दिवसातून अधिक वेळा टाकायच्या बाटलीला त्यांनी पांढरा दोरा बांधून दिला. हे कोणी पाहत नव्हते आणि त्याचा फोटोही निघाला नाही.

फोटो निघाले ते सुटीच्या दिवशी. देणगीदार यायचे होते, म्हणून नुकतीच पट्टी निघालेली म्हातारी माणसे भर उन्हात, मंडपाबाहेरच्या खुर्च्यांवर ताटकळत बसली. पाहुणे आल्यावर भाषणे झाली, त्यांच्या छायाचित्राच्या फलकाखाली एकेकाला उभे करून घोंगडी दिली गेली, आणि तोवर गावाकडची शेवटची एसटी निघून गेली. रुग्णालयाची गाडी मग अंधार पडल्यावर सुटली.

ख्रिस्ती नीतिविचारात कृतीइतकाच हेतूही तपासला जातो, म्हणून हा समारंभ तेथे अधिकच खटकतो. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशू म्हणतो की दानाचा गाजावाजा करणाऱ्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू नये. त्याच प्रवचनात, ५व्या अध्यायात, तुमची सत्कृत्ये लोकांना दिसू द्या असेही सांगितले आहे, आणि आयोजकांपैकी एकाने माझ्यापुढे तेच वचन ठेवले. परंतु तेथे ती पाहून लोकांनी स्वर्गातील पित्याचा गौरव करावा असे म्हटले आहे. फलकावरील गृहस्थांचा नव्हे. येशूचा प्रेषित पौल तर बायबलमधीलच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हणतो की सर्व मालमत्ता गरिबांना वाटली पण प्रीती नसली, तर देणाऱ्याला काहीच लाभ नाही. घेणाऱ्याचे काम मात्र होतेच. मग देणाऱ्याच्या मनात काय आहे याच्याशी रुग्णाला काय करायचे, असे कोणी विचारील. वाहवा मिळवण्याचा हेतू वेळापत्रकात उतरतो आणि एसटी चुकवतो, म्हणून रुग्णाने तो विचारात घ्यायलाच हवा.

गावात मात्र शंका वेगळ्याच घेतल्या जातात. शासनाचे अनुदान मिळते म्हणून हे लोक शस्त्रक्रिया करतात, असे म्हणतात. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून स्वयंसेवी रुग्णालयांना शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळते हे खरेच आहे. पण खर्च भरून निघाला म्हणून काम हलके ठरत नाही. दुसरी शंका धर्मांतराची. वॉर्डात सायंकाळी प्रार्थना झाली, तिला बसायचे की नाही हे आधी विचारले गेले, आणि आत्याबाई आपल्या खाटेवर तुळशीची माळ ओढत बसल्या तेव्हा कोणी हटकले नाही. प्रार्थना करणाऱ्या सिस्टरच्या मनात रुग्णांविषयी आणखी कोणती आशा असेल, तर ती त्यांच्या वागण्यात कोठेही अटीच्या रूपाने आली नाही, आणि माझ्या हिशेबी तेवढे पुरे आहे.

शिबिराला अवश्य जावे. आधार कार्ड, चालू औषधे आणि साखरेचा जुना अहवाल असल्यास तो सोबत ठेवावा. फोटो नको असल्यास नोंदणीच्या टेबलावरच सांगावे. आम्ही सुटीच्या दिवशी सांगितले तेव्हा यादी आधीच पाहुण्यांच्या हाती गेली होती. आत्याबाईंचे नाव दुसऱ्या डोळ्यासाठी याच रुग्णालयात नोंदवले आहे.